सृष्टीच्या कथा आणि आपली चढाओढ

सिंहस्थाची तयारी सुरू झाल्यापासून आमच्या नाशिककर ग्रुपांवर समुद्रमंथनाच्या जोडीला आणखी एक मजकूर फिरतोय: नासदीय सूक्तात बिग बँग आधीच सांगून ठेवलाय, बाकी जगाच्या उत्पत्तिकथा म्हणजे पोरखेळ. मला वाईट वाटतं ते त्या सूक्तासाठीच. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं हे १२९ वं सूक्त शेवटाकडे म्हणतं, देव तर सृष्टीनंतरचे, मग ती कुठून झाली हे सांगणार कोण? वर जो अध्यक्ष आहे त्याला ठाऊक असेल, किंवा त्यालाही नसेल! एवढी शंका उघड बोलून दाखवणाऱ्यांच्या तोंडी आपण ‘आम्हाला सगळं माहीत होतं’ घालतो.

दुसरीकडे ‘सगळ्यांचं मूळ एकच’ म्हणून मोकळे होणारे. आरंभी सगळं पाणीच पाणी, हे पुष्कळ ठिकाणी आहे, कबूल. पण जमीन कशी आली ते बघा. बॅबिलोनच्या ‘एनूमा एलिश’ या सृष्टिकाव्यात मर्दुक हा देव तियामत या आदिसमुद्राच्या देवीला मारून सुकवायच्या मासळीसारखी उभी चिरतो आणि अर्ध्या अंगाचं आकाश करतो. माणूस घडतो तोही एका मारलेल्या देवाच्या रक्तातून, देवांचे कष्ट उपसायला. आपला वराह पृथ्वी दातांवर उचलून आणतो. उत्तर अमेरिकेतल्या इरोक्वॉय लोकांचा पाणउंदीर तळाशी बुडी मारून मूठभर चिखल आणतो, तो कासवाच्या पाठीवर ठेवतात आणि त्याची जमीन होते. मध्य भारतातल्या गोंड-बैगांच्या कथांत तर माती गांडुळानं गिळलेली असते, त्याच्याकडून ती ओकवून घ्यावी लागते. रोज मातीत हात असलेल्या माणसांनाच गांडुळाला हा मान द्यायचं सुचलं असणार.

माझी सर्वात लाडकी कथा ग्वाटेमालातल्या किचे मायांची, त्यांच्या ‘पोपोल वुह’ या ग्रंथातली. देवांनी आधी मातीची माणसं केली, ती विरघळली. मग लाकडाची केली. ती चालली, बोलली, पण घडवणाऱ्यांना विसरली. तेव्हा त्यांच्याच घरातली मडकी आणि पाटे उठले: रोज आमच्या तोंडावर दळलंत, आता आम्ही तुम्हाला दळतो! शेवटी मक्याच्या पिठाची माणसं टिकली. जे खातो त्याचेच आपण बनलेलो, हे इतकं थेट मला दुसरीकडे कुठे वाचायला मिळालं नाही.

आणि धान्याची गोष्ट ऐकायला ग्वाटेमाला कशाला गाठायचं? इथे पेठ-सुरगाण्याकडे नागली पिकवणाऱ्या कोकणा, वारली लोकांत कणसरी आहे. धान्य हीच देवी. तिची कथा रात्र रात्र गातात. काशाच्या थाळीत मेणानं काडी उभी करायची आणि तिच्यावरून बोटं ओढत सूर धरायचा. शहरातल्या आमच्या वाचनकट्ट्यांवर ग्रीक देवांची वंशावळ तोंडपाठ असणारे आहेत, पण कणसरीचं नाव निघत नाही. याची मला मनापासून लाज वाटते.

मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला भरते. तिथली एक संध्याकाळ या गाणाऱ्यांना द्या. शाल-श्रीफळावर भागवू नका, इतर वक्त्यांइतकंच मानधन द्या, आणि मध्येच घड्याळ दाखवू नका.