एक आणा नऊ पै

गेल्या श्रावणात अप्पा विहिरीजवळच्या शेवाळावर पडले. "पडलो नाही, बसलो," असं ते अजूनही म्हणतात. बसले ते चांगले दोन तास बसले. शेजारचे भाऊ केळफूल मागायला आले म्हणून उठले. वय ८१, घरात दुसरं माणूस नाही, आणि मी डोंबिवलीला. त्या दिवशी मी म्हटलं, "अप्पा, आता पुरे. घर विकू या, तुम्ही माझ्याकडे चला." अप्पा म्हणाले, "बरं." इतक्या पटकन बरं म्हणणाऱ्या कोकणी माणसावर विश्वास ठेवू नये, हे मला ८१ वर्षांच्या बापाची मुलगी असून कळायला हवं होतं.

आमचं घर दापोली तालुक्यात, आंजर्ल्याच्या अलीकडे. चिरेबंदी, पुढे खळं, मागे पोफळी. ३ जून २०२०ला निसर्ग वादळाने अर्धी कौलं नेली, तिथे आता पत्रे आहेत. त्याच वादळात ओटीचं दारही बसलं. तेव्हापासून ते फक्त अप्पांना उघडतं. कडी वर उचलायची, दार आधी आपल्याकडे ओढायचं, मग डाव्या गुडघ्याने खालच्या फळीला असा काही टेकू द्यायचा की ते "हुं" करून आत जातं. मी चार वर्षं प्रयत्न करतेय. माझा गुडघा सुजतो, दार जागचं हलत नाही.

घर विकायचं तर आधी ते कोणाचं आहे हे कळायला हवं. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा मिळून सातबारा होतो. आमच्या सातबाऱ्यावर जेवढी नावं होती त्यातली निम्मी माणसं माजघराच्या भिंतीवर हार घालून बसलेली. वारसनोंदी, फेरफार यांत सहा महिने गेले, त्याबद्दल न बोललेलंच बरं. मग अप्पांनी वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर हिशेब मांडला. घर सोळा आणे, आणा बारा पैंचा. अप्पांच्या आजोबांचे तीन मुलगे, म्हणजे प्रत्येकी पाच आणे चार पै. त्यातल्या एकाची अप्पा, काका आणि आते ही तीन मुलं. म्हणजे अप्पांच्या वाट्याला एक आणा नऊ पै, आणि वर एका पैचा तिसरा भाग.

"तो तिसरा भाग कुठला?" मी विचारलं.

"न्हाणीघर धर," अप्पा म्हणाले.

ज्या घराची घरपट्टी, कौलं आणि वाळवी पन्नास वर्षं एकट्याने सांभाळली, त्यात अप्पा जेमतेम अकरा टक्क्यांचे मालक निघाले. बाकीचे वारस तेरा. बडोद्याच्या चुलतभावाने हे गाव फक्त लग्नपत्रिकेवर वाचलेलं, पण तो आनंदाने सही करायला तयार. अडली ती रोह्याची आते. ती म्हणाली, "सही करीन, पण पाटा माझा. आईने मला सांगितलं होतं." अप्पा म्हणाले, "पाटा ने. वरवंट्याचं काही सांगितलं नव्हतं." आठ दिवस दोन्हीकडून फोन झाले. शेवटी पाटा रोह्याला गेला आणि वरवंटा डोंबिवलीला आला. दोन्ही घरांत मिक्सर आहे.

गिऱ्हाइकं येऊ लागली तसे अप्पा खुलले. पुण्याचं एक जोडपं आलं. बाईंनी विचारलं, "सी-व्ह्यू आहे का?" अप्पा म्हणाले, "आहे की. माडावर चढलात तर थेट दिसतो." मग त्यांनी आपणहून सगळं सांगून टाकलं. पश्चिमेची भिंत पावसाळ्यात घाम धरते. न्हाणीमागे धामण आहे, पण जुनी आहे, माणसं ओळखते. एजंटने कपाळाला हात लावला. त्यात घराखालची जमीन कागदावर शेतजमीन, आणि शेतजमीन घ्यायची तर घेणारा शेतकरी लागतो. "तुम्ही शेतकरी का?" असं अप्पांनी विचारल्यावर त्या गृहस्थांनी बाल्कनीतल्या कढीपत्त्याचा उल्लेख केला. पुढच्या वेळी एजंट मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, गिऱ्हाईक येईल तेव्हा अप्पांना कड्यावरच्या गणपतीला नेऊन बसवा." नेलं. गिऱ्हाइकाच्या आधी अप्पा खाली हजर.

माळा रिकामा करायला तीन दिवस लागले. सुंभाची वेटोळी, कंदिलाच्या काचा, छत्र्यांचे सांगाडे, चिमणी हरवलेला बंब. प्रत्येक वस्तू हातात घेऊन अप्पा उजेडाकडे धरायचे, फिरवायचे, आणि म्हणायचे, "लागेल." डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर नांगराचा फाळ कशाला लागेल, हे विचारायची सोय नव्हती. मी भंगारवाल्याला बोलावलं. अप्पांनी त्याचा काटा आपल्या पितळी वजनांनी तपासला, दोन वेळा. संध्याकाळी तो गेला तेव्हा त्याच्या टेम्पोत फक्त बंब होता, आणि आमच्या पडवीत सायकलची एक ट्यूब जास्त झाली होती. अप्पांनी ती त्याच्याकडून घेतली. चांगली होती म्हणे.

शेवटी चिपळूणकडचे एक निवृत्त मास्तर आले, सातबाऱ्यावर नाव असलेले. घराकडे न बघता आधी विहिरीत वाकले, मग फणसाच्या बुंध्याला हात लावून म्हणाले, "कापा ना, बरका नाही?" अप्पांनी मला आतून सरबत आणायला सांगितलं. पुण्याच्यांना पाणी दिलं होतं.

खरेदीखताच्या दिवशी चौदा माणसं एका खोलीत. तेरांचे अंगठे लागले, अप्पांचा लागेना. नारळ सोलून आणि सुपाऱ्या फोडून रेषाच उरल्या नव्हत्या. ओलं फडकं झालं, खोबरेल झालं, दुसरा अंगठा झाला. मशीन लाल दिवा दाखवत राहिलं. "बघ," अप्पा माझ्याकडे वळून म्हणाले, "त्यालाही पटत नाही." पाचव्या खेपेला पटलं.

डोंबिवलीत आल्यावर अप्पा शहाण्यासारखे वागले. सकाळी फिरायला जातात, दुपारी वरवंट्यावर तेलाचा हात फिरवतात. कुरकुर नाही, आठवणी नाहीत. मला काळजी वाटायला लागली. मास्तर घर लावून चिपळूणला सामान आणायला गेले होते, ते पंधराव्या दिवशी परतले. दुपारी अप्पांचा फोन वाजला.

"हां, मास्तर. उघडत नाही? कडी उचललीत? ओढलंत? हां... नाही, ते फोनवर सांगण्यासारखं नाही. यावं लागेल."

धामणीपासून भिंतीच्या घामापर्यंत सगळं सांगणाऱ्या माणसाने एवढं एकच सांगायचं राहिलं, असं कसं झालं, हे मी विचारणारच होते. पण अप्पा पलंगाखालून पिशवी ओढत होते. भरलेली होती. वर दिवा-सावंतवाडी गाडीचं वेळापत्रक आणि बाजूला घडी घातलेली ती सायकलची ट्यूब.

"खेडला उतरून एसटी मिळेल," ते म्हणाले. "दोन दिवस लागतील. दार जुनं आहे."