‘सगळेच कॉल करतात, म्हणून छोट्या स्टेकवर जिंकता येत नाही’: हा हिशेबच उलटा आहे

ऑनलाइन पोकरबद्दल एक दावा सतत फिरत असतो. छोट्या स्टेकवर (कमी रकमेच्या टेबलांवर) कौशल्याला किंमत नाही. जो तो काहीही धरून कॉल करतो (समोरच्या बेटएवढे पैसे घालतो), ब्लफ (कमजोर पत्त्यांवर लावलेली बेट) चालत नाही, एक्क्यांची जोडी रोज फुटते आणि उरलंसुरलं रेक (मधे जमलेल्या रकमेतून, म्हणजे पॉटमधून, साइट कापते तो वाटा) खातो. तेव्हा खेळ सुधारायचा तर वरच्या स्टेकवर जा, तिथे रेजला (बेट वाढवण्याला) मान मिळतो. यातली निरीक्षणं बरीचशी खरी आहेत, पण त्यातून काढलेले निष्कर्ष चुकीचे आहेत. ते मानून नवे खेळाडू हकनाक पैसे घालवतात, म्हणून एकेक मुद्दा तपासू. खाली नो-लिमिट होल्डेम, सहा जणांचं टेबल आणि १०० बिग ब्लाइंडचा स्टॅक (टेबलावर घेऊन बसलेली रक्कम) धरला आहे. बिग ब्लाइंड म्हणजे पत्ते पाहण्याआधी एका खेळाडूने सक्तीने लावायची रक्कम; तिच्या निम्मी, स्मॉल ब्लाइंड, दुसरा लावतो. दोन झाकलेल्या पत्त्यांनंतर सगळ्यांसाठी तीन पत्ते (फ्लॉप), मग चौथा (टर्न) आणि पाचवा (रिव्हर) उघडतो; बेटच्या या प्रत्येक फेरीला ‘रस्ता’ म्हणू. नुसतं ‘ब्लाइंड’ लिहिलंय तिथे बिग ब्लाइंडच समजा.

‘ब्लफ चालत नाही.’ बरोबर आहे, मग करू नका. पॉटएवढी बेट ब्लफ म्हणून लावली, तर समोरच्याने निम्म्या वेळा फोल्ड केलं (पत्ते टाकले) तरच बरोबरी होते. निम्म्या पॉटची लावली तर तिनातून एकदा. समोरचा चारातून एकदाच पत्ते टाकत असेल, तर रिव्हरवर १० ब्लाइंडच्या पॉटमध्ये १० चा ब्लफ दर वेळी सरासरी ५ ब्लाइंड घालवतो. पण चारातून तीनदा कॉल करणारा हाच माणूस तुमच्या चांगल्या पत्त्यांनाही कॉल करत असतो. दावा करणारे हा अर्धा भाग विसरतात, आणि कमाई सगळी तिथेच आहे.

एक हात जवळून पाहा. तुम्ही बटनवर (फ्लॉपपासून पुढे शेवटी चाल करणाऱ्या जागेवर), हातात बदामचा एक्का आणि किलवरची राणी. एकाने लिंप केलंय, म्हणजे रेज न करता फक्त बिग ब्लाइंडएवढे घातलेत. तुम्ही ५ ब्लाइंडपर्यंत रेज करता, ब्लाइंड लावलेले दोघेही फोल्ड, लिंपर कॉल. पॉट ११.५. फ्लॉपवर चौकटची राणी, इस्पिकची अठ्ठी, किलवरची तिर्री. वरच्या स्टेकचे व्हिडिओ पाहून उचललेली सवय म्हणजे इथे पॉटच्या एक तृतीयांश बेट लावायची. तिन्ही रस्त्यांवर तशी लावली आणि सगळीकडे कॉल मिळाला, तर फ्लॉपनंतर त्याच्याकडून साधारण २१ ब्लाइंड येतात. तेच पाऊण पॉटने गेलात तर ८.६, मग २१.६, मग ५४, म्हणजे एकूण सुमारे ८४. तो रिव्हरला पळाला तरी दोनच रस्त्यांत ३० ब्लाइंड झाले, लहान बेटच्या तिन्हींपेक्षा जास्त. राणी-दहा, राणी-नऊ, अठ्ठीची जोडी धरून बसलेला खेळाडू बेटचा आकार फारसा पाहत नाही. ‘माझ्याकडे जोडी आहे’ एवढंच पाहतो. रिव्हरवर पोझिशनमध्ये असाल (तुमची चाल शेवटी असेल) तर कसोटी एकच: कॉल झाल्यावर निम्म्याहून जास्त वेळा मी पुढे असेन का? असेन, तर बेट.

याच माणसाने टर्नवर किंवा रिव्हरवर अचानक रेज केलं, तर तुमची एक जोडी टाकून द्या. एरवी फक्त कॉल करणारा खेळाडू तिथे बहुतेक वेळा दोन जोड्या किंवा त्याहून वरचं दाखवतो. छोट्या स्टेकवर सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे ‘एवढे पैसे घातलेत, आता बघूच’ म्हणत दिलेला हा कॉल. नशिबाच्या नावावर खपवलेला बराच तोटा इथला असतो.

‘एक्के फुटतात, साइटच लबाड आहे.’ फ्लॉपआधीच सगळे पैसे आत गेले, तर एक्क्यांची जोडी एका अनोळखी हाताविरुद्ध सुमारे ८५ टक्के वेळा जिंकते आणि पाच जणांविरुद्ध जेमतेम ४९ टक्के. आता पैसे मोजा. एकाविरुद्ध तुमच्या १०० ब्लाइंडचे सरासरी १७० होतात. पाच जणांनी तेवढेच घातले तर पॉट ६००, त्याचे ४९ टक्के म्हणजे २९४. हरता जास्त वेळा, कमावता कितीतरी जास्त. शिवाय एक्क्यांची जोडी २२१ हातांत एकदा येते. चार टेबलांवर तासाला ३०० हात खेळणाऱ्याला ती तासाभराच्या आतच दिसते, तर प्रत्यक्ष टेबलावर तासाला ३० हात होत असतील तर सात तास थांबावं लागतं. साहजिकच फुटतानाही जास्त वेळा दिसते. फसवणूक कधी झालीच नाही, असं नाही. २००७-०८ मध्ये अ‍ॅब्सोल्यूट पोकर आणि अल्टिमेटबेट या साइट्सवर आतल्या खात्यांना इतरांचे झाकलेले पत्ते दिसत असल्याचं उघड झालं. पण ते खेळाडूंनी हँड हिस्टरी (खेळलेल्या हातांची नोंद) तपासून पकडलं, आणि तिथेही वाटलेले पत्ते बदललेले नव्हते. संशय असेल तर तुम्हीही तेच करा: फ्लॉपवर ऑल-इन झालेले (सगळे पैसे आत गेलेले) फ्लशचे ड्रॉ, म्हणजे एकाच चिन्हाचे चार पत्ते असून पाचव्याची वाट असलेले हात, गोळा करा, मोठ्या नमुन्यात ते सुमारे ३५ टक्के वेळा लागले पाहिजेत.

रेकचा मुद्दा मात्र दाव्यातला सगळ्यात भक्कम भाग आहे. ५ टक्के रेक आणि त्याला कमाल मर्यादा, ही नेहमीची पद्धत. छोट्या पॉटमध्ये ती मर्यादा गाठलीच जात नाही, म्हणून टक्का पूर्ण कापला जातो. जेमतेम फायद्याचे हात त्याने खरोखर तोट्यात जातात. पण बहुतेक साइट्सवर फ्लॉप न पडलेल्या हातावर रेक नसतो. म्हणून स्मॉल ब्लाइंडमधून रेजला नुसता कॉल देणं जवळजवळ बंद करा, थ्री-बेट (रेजवर पुन्हा रेज) किंवा फोल्ड. खेळायला बसण्याआधी साइटचा रेकचा तक्ता वाचा आणि मर्यादा ब्लाइंडमध्ये किती होते ते काढा.

‘वर जा, तिथे मान मिळतो.’ मान म्हणजे फोल्ड. ब्लफ चालतील, पण राणीच्या एका जोडीवर ८४ ब्लाइंड देणारा तिथे क्वचितच भेटेल, आणि तुमच्या चुकांवर दाब देणारे पुष्कळ. वर जायला जिंकल्याचा पुरावा हवा आणि तो हळू जमतो. तुम्ही खरोखर शंभर हातांमागे ५ ब्लाइंड जिंकणारे आहात आणि त्यातला प्रमाण विचलनाचा (निकाल सरासरीपासून किती दूर पसरतात याचा) आकडा ९० आहे, असं धरा. १०,००० हातांनंतर अपेक्षित नफा ५०० ब्लाइंड, पण चढउतार ९०० चा. दहातून तीनदा तुम्ही तोट्यातच दिसाल. म्हणून त्या स्टेकचे निदान ३० ते ५० बाय-इन (एकदा टेबलावर बसायची रक्कम, इथे १०० ब्लाइंड) बाजूला ठेवल्याशिवाय वर जाऊ नका, आणि आठवड्याचा निकाल पाहून खेळ बदलू नका.

अभ्यास वाया जात नाही, फक्त योग्य हातांचा करावा लागतो. सत्र संपलं की ३० ब्लाइंडच्या वरचे पाच पॉट निवडा, हरलेले आणि जिंकलेले दोन्ही. प्रत्येक रस्त्यावर समोरच्याकडे काय काय असू शकतं ते आधी लिहा आणि मगच त्याचे पत्ते बघा. त्याचा व्हीपीआयपी (फ्लॉपआधी आपणहून पैसे घातलेल्या हातांचा टक्का) ४५ आणि पीएफआर (फ्लॉपआधी रेज केलेल्या हातांचा टक्का) ६ असेल तर तो क्वचित रेज करणारा कॉलर आहे. त्या हातात सॉल्व्हरने (सर्वोत्तम चाल काढणाऱ्या सॉफ्टवेअरने) सुचवलेला ब्लफ खोडा आणि व्हॅल्यू बेट (चांगल्या पत्त्यांना कॉल मिळावा म्हणून लावलेली) वाढवून पाहा.