ॲपवर आहे, दुकानात नाही

दुकानाच्याच ॲपवर ‘चिपळूण शाखेत उपलब्ध’ दिसतं, म्हणून गुहागरहून भर पावसात एसटीने चाळीसेक किलोमीटर जायचं. काउंटरवर ठरलेलं उत्तर: "तो स्टॉक ऑनलाइनचा, आमचा वेगळा." अहो, पाटी एक, पिशवी एक, जाहिरातही एकच! मग वस्तू देताना आणि बदलून देतानाच दोन दुकानं कशी होतात? ऑनलाइन घेतलेला मिक्सर शाखा परत घेत नाही आणि कुरिअरवाला आमच्या वाडीत न्यायला येत नाही. काउंटरवरच्या पोरांवर राग नाही, त्यांच्या हातात काहीच दिलेलं नसतं. पण 2020च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. इथे चॅटवर एकच उत्तर, ‘जवळच्या शाखेत जा’. शाखेतूनच तर आलोय! आता ग्राहक हेल्पलाइनला, 1915 ला, फोन लावतोय.