ग्रुप मेडिक्लेमचा हप्ता 10 टक्क्यांपेक्षा जास्त वाढत नाही? थांबा जरा

वागळे इस्टेट आणि रबाळेच्या कारखानदारांच्या ग्रुपवर दोन दिवस एक मेसेज फिरतोय, की छोट्या कंपन्यांच्या ग्रुप मेडिक्लेमचा (म्हणजे कंपनी सगळ्या कामगारांचा मिळून काढते त्या आरोग्य विम्याचा) हप्ता आता वर्षाला 10 टक्क्यांच्या वर वाढवता येणार नाही आणि जीएसटी पण माफ. दोन्ही चूक. अर्धवट बातमी उचललीय कोणीतरी.

10 टक्केवाली गोष्ट आयआरडीएआयच्या (विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) जानेवारी 2025 च्या आदेशातली आहे, पण ती 60 वर्षांवरच्या लोकांच्या वैयक्तिक पॉलिसीसाठी, आणि तिथेसुद्धा सरसकट बंदी नाहीये, 10 च्या वर जायचं तर कंपनीने आधी आयआरडीएआयशी बोलायचं एवढंच. जीएसटीचं पण तसंच, 22 सप्टेंबर 2025 पासून शून्य झाला तो वैयक्तिक आणि फॅमिली फ्लोटरवर (सगळ्या कुटुंबाची मिळून एक पॉलिसी), तुमच्या ग्रुप पॉलिसीवर 18 टक्के आहेच, 1 लाखाच्या हप्त्यावर सरळ 18 हजार.

ग्रुपचा दर ठरतो माणसांच्या वयावर आणि मागच्या वर्षीच्या क्लेमवर. समजा 25 जणांचं युनिट, हप्ता भरला 2 लाख आणि एकाच्या अँजिओप्लास्टीचे गेले 3 लाख, म्हणजे क्लेम रेशो 150 टक्के, मग रिन्यूअलला कोटेशन बघून शेठजींनाच अ‍ॅडमिट करायची वेळ येते. हजार माणसांच्या कंपनीत तोच क्लेम कुठच्या कुठे जिरतो. छोट्यांवर हा अन्यायच आहे, माझं तरी मत तेच, पण म्हणून नसलेला नियम एजंटच्या तोंडावर फेकून काय मिळणार? त्यापेक्षा क्लेमचा तपशील मागा आणि रिन्यूअलच्या महिनाभर आधी दुसऱ्या दोन-तीन कंपन्यांकडून कोटेशन घ्या.