चांदीच्या नाण्याला विष कळत नाही

पहिले दोन-चार पाऊस पडले की आमच्या झाडीपट्टीत सात्या, म्हणजे वारुळावरच्या अळंब्या, निघतात, आणि आता त्यांच्यासोबत दरवर्षी एक मेसेजही निघतो. ‘पावसाळी भटकंतीला विदर्भात जा, जंगलातली अळंबी तोडून तिथंच शिजवा, नशीब असेल तर वाघ-अस्वलही दिसेल, फक्त या खुणा लक्षात ठेवा.’ यंदा तो मला नागपूरच्या भाच्यानं पाठवला. खाली विचारलं होतं, ‘मामा, खरं आहे का?’ भाच्या, यातली एकही खूण भरवशाची नाही, आणि दोन तर जीव घेणाऱ्या आहेत.

‘रंगीत ती विषारी, पांढरी ती खायची.’ जगातल्या सगळ्यात घातक अळंब्यांपैकी काही पांढऱ्याशुभ्र असतात. अमानिता वंशातल्या या छत्र्या दिसायला देखण्या, वासाला बऱ्या, आणि त्या खाऊन वाचलेल्यांनी सांगितल्याप्रमाणे चवीलाही चांगल्या. म्हणजे ‘कडू लागली तर थुंका’ हेही गेलं. गावाकुसाच्या गवतात उगवणारी आणखी एक मोठी पांढरी छत्री असते. कोवळेपणी तिच्या खालच्या पात्या पांढऱ्या, पुढं हिरवट होतात. ती खाल्ली की दोन-तीन तासांत उलट्या सुरू.

‘किड्यांनी, गोगलगायींनी खाल्लेली चालते.’ गोगलगायीचं पोट वेगळं, आपलं वेगळं. विषारी छत्रीतही अळ्या सुखानं वळवळतात.

‘शिजवताना चांदीचं नाणं किंवा लसूण टाका, काळं पडलं तर विष.’ चांदी काळी पडते ती गंधकामुळं. उकडलेलं अंडं चांदीच्या चमच्यानं खाल्लं तरी चमचा काळवंडतो. अमानितातल्या विषाचा चांदीवर काहीच परिणाम होत नाही. लसूण तर आंबटात नुसताच निळसर-हिरवा होतो. नाणं लखलखीत राहिलं म्हणून घरभर वाढलं, तर ताटात काय वाढलंय ते नाणं सांगणार नाही.

‘उकळून पहिलं पाणी फेकलं की विष जातं.’ मला सगळ्यात भीती या ओळीची वाटते. अमाटॉक्सिन हे विष उकळून जात नाही, वाळवून जात नाही, तळूनही जात नाही. आणि ते लगेच बोलत नाही. रात्री खाल्लं तर सहा-बारा तास, कधी त्याहून जास्त वेळ माणूस ठणठणीत असतो. मग हगवण आणि उलट्या. पावसाळ्याचे दिवस, त्यामुळं सगळ्यांना वाटतं पाणी बाधलं. सलाईननं बरं वाटतं, माणूस उठून बसतो, चहा मागतो. त्याच वेळी आत यकृत निकामी होत असतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोळे पिवळे दिसतात तेव्हा फार उशीर झालेला असतो. एप्रिल २०२२ मध्ये आसामात अशाच रानटी अळंब्यांनी १३ माणसं दगावली. ताक, तूप, चिंचेचं पाणी यांपैकी काहीही यावर उतारा नाही. शंका आली की उलटीची वाट न बघता १०८ ला फोन करा, उरलेली छत्री कागदात गुंडाळून सोबत न्या, आणि डॉक्टरला पहिलं वाक्य हेच सांगा की अळंबी खाल्ली आहे.

मग आमच्या बाया कशा ओळखतात? माझी मोठ्याई वारुळावरचा सात्या कधी मोडून घेत नसे. काडीनं माती उकरत खाली खाली जायची. देठ मुळीसारखा निमुळता होत पार उधईच्या घरापर्यंत गेलेला असतो, कारण ही बुरशी उधईच आत पोसते. वर छत्रीच्या मधोमध टोक. अमानिताच्या देठाखाली मात्र वाटीसारखी पिशवी असते, आणि छत्री वरच्या वर तोडली की ती मातीतच राहते. म्हणून उकरायचं. एवढं करूनही ती म्हणायची, “वळखीचा असन तरच टोपल्यात टाक, नाहीतं राहू दे.” तिला खुणांची यादी येत नव्हती. तिला चार-पाच जाती आणि त्यांची वारुळं माहीत होती, बाकीच्यांना ती हात लावत नसे.

‘सकाळी नऊनंतर आवाज करत गेलं की वाघ-अस्वल येत नाहीत.’ बोलत जावं हे बरोबर, आम्हीही तसंच जातो. पण सात्या निघतात त्याच वारुळांवर अस्वल येतं. त्याला वरचे पुढचे दोन दात नसतात. त्या फटीतून ते उधई ओढून घेतं आणि तो फुरफुराट लांबवर ऐकू येतो. त्या नादात त्याला तुमची चाहूल लागत नाही, आणि दचकलेलं अस्वल आधी अंगावर येतं. वारूळ ताजं उकरलेलं दिसलं की मागं फिरायचं, मोबाईल काढायचा नाही. वाघाचं म्हणाल तर मे २०२५ मध्ये आमच्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्त्याला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी गेल्या, आणि त्या दिवसाच्या उजेडात गेल्या. वाकून काही वेचणारं माणूस वाघाला माणसासारखं दिसत नाही. म्हणून आमच्याकडं चौघी वेचतात तेव्हा एक उभी राहून बघत असते.

‘जंगल सगळ्यांचं, कुणीही तोडावं.’ राष्ट्रीय उद्यानात आणि अभयारण्यात पाहुण्यानं काहीही तोडणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही. बाहेरच्या जंगलात गौण वनउपज गोळा करण्याचा हक्क २००६ च्या वनहक्क कायद्यानं तिथं राहणाऱ्यांना दिला, आणि तो सहजी मिळाला नाही. गडचिरोलीच्या मेंढा-लेखासारख्या गावांनी त्यासाठी वर्षानुवर्षं खपून कागद मिळवले.

तेव्हा भाच्या, खायचाच असेल तर आठवडी बाजाराच्या दिवशी ये. रस्त्याच्या कडेला पळसाच्या पानावर वाटे लावून बाया बसलेल्या असतात. सकाळी लवकर ये, दुपारपर्यंत संपतात.