दशांश आधी काढायचा, की उरला तर द्यायचा?

मंडळीची, म्हणजे चर्चच्या सभासदांची, वार्षिक सभा आली की खजिनदार जमाखर्च वाचतात आणि मग 'दशांश (मिळकतीचा दहावा भाग देवाला देणं) वाढला पाहिजे' यावर तासभर चर्चा होते. कॅम्पात असो, खडकीत असो वा पिंपरीत, बोलणारे दोनच प्रकारचे. एक म्हणतात, दशांश द्या, देव दसपटीने परत देतो. दुसरे म्हणतात, तो बायबलमधल्या जुन्या कराराचा नियम, आपण कृपेखाली आहोत, विषय संपला. मला दोन्ही पटत नाही. पहिले देवाला भिशी चालवायला बसवतात. दुसऱ्यांचं बऱ्याचदा असं असतं की कृपेच्या आड पाकीट लपवलेलं असतं.

माझं म्हणणं एवढंच की दशांशाचा आध्यात्मिक फायदा रकमेत कमी आणि क्रमात जास्त आहे. पगार आल्या दिवशी सगळ्यात आधी बाजूला काढलेले ४,२०० रुपये आणि महिनाअखेरीस उरले म्हणून दिलेले ४,२०० रुपये खजिनदाराच्या वहीत सारखेच दिसतात. देणाऱ्याच्या आत मात्र त्यांचं काम वेगळं होतं.

कसं ते बघा. समजा हातात ४२,००० येतात. आधी घरभाडं, मग गाडीचा हप्ता, शाळेची व्हॅन, किराणा, लाइटबिल. मग रविवारी दानाची थैली समोर आली की खिशात हात घालून ठरवायचं, शंभर की दोनशे? शेजारच्या बाकावरच्याने किती टाकले? हा निर्णय वर्षातून ५२ वेळा घ्यावा लागतो आणि प्रत्येक वेळी लोभ आणि लाज यांची कुस्ती होते. 'परमेश्वरा, तुझ्याच हातातले तुला' असं गाताना डोकं मात्र नोटा मोजत असतं. आधी काढून ठेवणाऱ्याने हा निर्णय एकदाच घेतलेला असतो, तोही उपासनेत नाही तर घरी, शांतपणे. त्यामुळे थैली समोर आल्यावर त्याची परीक्षा होत नाही. तो खरंच गाऊ शकतो. १ करिंथ १६:२ मध्ये प्रेषित पौल हेच सांगतो. आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपापल्या मिळकतीप्रमाणे बाजूला ठेवावं, म्हणजे तो आल्यावर वर्गणी गोळा करत बसायला नको. तिथे दहा टक्क्यांचा उल्लेख नाही. मिळकतीचं प्रमाण आहे आणि नेमलेली वेळ आहे.

मग दहाच टक्के का? कारण प्रमाण ठरलेलं असलं की ८,००० कमावणाऱ्या बाईचे ८०० आणि दीड लाख कमावणाऱ्याचे १५,००० एका रांगेत उभे राहतात. लेवीय २७:३२ वाचा. मेंढरं एकेक करून काठीखालून जातात आणि दहावं येईल ते देवाचं. ते लठ्ठ आहे की लंगडं, हे बघायचं नाही, बदलायचं नाही. म्हणजे 'यातलं कोणतं देऊ' ही निवडच मालकाच्या हातातून काढून घेतली आहे. माणूस निवडायला बसला की लंगडंच निवडतो, हे ज्याने नियम लिहिला त्याला पक्कं ठाऊक होतं.

नियमशास्त्राच्याही आधी दशांश आहे. अब्राहामाने मलकीसदेक या याजक-राजाला दिला (उत्पत्ती १४:२०), तो लढाई जिंकून मिळाल्यानंतर, उपकार मानून. याकोबाने बेथेलला नवस केला (उत्पत्ती २८:२२), त्याची भाषा मात्र 'तू सांभाळशील, खायला-ल्यायला देशील, तर मी देईन' अशी. सरळ सौदा. पुढे मामा लाबानाच्या घरी वीस वर्षं याकोबाला सौद्याचं पुरतं शिक्षण मिळालं, ही गोष्ट दसपटीच्या प्रवचनांत फारशी येत नाही.

आणि मलाखी ३:१०. आकाशकपाटं उघडतील, हे वचन सगळ्यांना पाठ. पण त्याच वचनात दशांश कशासाठी तेही लिहिलंय: मंदिरात अन्न राहावं म्हणून. ते अन्न कोणाचं? लेव्यांचं, म्हणजे मंदिराची सेवा करणाऱ्या वंशाचं, ज्यांना जमिनीचा वाटा नव्हता. नहेम्या १३:१० मध्ये दिसतं की लेव्यांना त्यांचा वाटा मिळेना, तेव्हा ते सेवा सोडून आपापल्या शेतावर निघून गेले. आपल्याकडेही पाळकसाहेबांचा पगार तीन-तीन महिने थकला आणि ते शिकवण्या घ्यायला लागले की मंडळीत कुजबुज सुरू होते. नहेम्याने मात्र लेव्यांना दोष दिला नाही, अधिकाऱ्यांना जाब विचारला. आणि पाळकांसाठीही एक ओळ आहे: गणना १८:२६ प्रमाणे लेव्यांनी मिळालेल्या दशांशाचा दशांश द्यायचा होता. घेणाराही देणारा असला की व्यासपीठावरून या विषयावर बोलताना आवाजात फरक पडतो.

आता हिशेब, कारण अडतं इथेच.

पगारदारांचा नेहमीचा प्रश्न: ग्रॉसवर, म्हणजे कपातीआधीच्या पगारावर, की हातात येतो त्यावर? कुठलंही चालेल, एक धरा आणि धरून ठेवा. हातातल्यावर देत असाल तर पीएफ निघेल तेव्हा त्या पूर्ण रकमेवर द्या. ग्रॉसवर देत असाल तर तुमच्या पगारातून कापलेल्या पीएफवर आधीच देऊन झालंय. तेव्हा फक्त मालकाचा वाटा आणि व्याज राहतं. गडबड होते ती दर सहा महिन्यांनी पद्धत बदलणाऱ्यांची. जी स्वस्त पडेल ती पद्धत हे लोक धरतात आणि वर्षाच्या शेवटी किती दिलं हे त्यांनाच सांगता येत नाही.

धंदेवाल्यांची चूक उलटी, आणि ती जास्त महागात पडते. किराणा दुकानाचा दिवसाचा गल्ला १०,००० आहे आणि सुटतात शेकडा दहा. गल्ल्यावर दशांश काढला तर १,००० गेले, म्हणजे त्या दिवसाची सगळी कमाई गेली. दोन महिने असं केलं की माल भरायला पैसा नाही, आणि मग माणूस म्हणतो, 'दशांश दिला आणि धंदा बसला.' धंदा दशांशाने नाही, चुकीच्या गणिताने बसला. शास्त्रात दशांश उपजेवर आहे. डब्यांचा व्यवसाय असेल तर समजा ६० डबे, ८० रुपयांचा एक, जमा ४,८००. भाजी, गॅस, मदतनीस बाईंचा रोज, पोचवणाऱ्याचे पैसे मिळून खर्च ३,३००. उरले १,५००. दशांश १५०, तो त्याच रात्री वेगळ्या डबीत. रिक्षावाल्याने गॅस आणि गाडीचं भाडं वजा करून शनिवारी आठवड्याचा काढावा. रोज काढायला गेलं की सुट्ट्या पैशांत तो विरघळून जातो.

कर्ज असेल तर? घराचा हप्ता हा खर्च आहे, दशांश त्याच्या आधी. पण क्रेडिट कार्डाची थकबाकी वेगळी. महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज जात असताना कार्डावर किमान रक्कम भरायची आणि दशांश पूर्ण द्यायचा, म्हणजे बँकेच्या पैशाने देवाला देणं. अशांनी दोन टक्क्यांपासून सुरू करावं, पण ठरल्या तारखेला आणि सगळ्यात आधी. एक हप्ता मिटला की एक टक्का वाढवावा. दहापर्यंत पोचायला तीन वर्षं लागली तरी क्रम पहिल्या महिन्यापासून बरोबर असतो. २ करिंथ ९:७ मध्ये 'संतोषाने देणारा देवाला प्रिय असतो' असं म्हटलंय, आणि वसुलीचे फोन येत असताना संतोष कुठून आणणार?

कराचं एका ओळीत: मंडळीला दिलेल्या दशांशावर सहसा दानावरची करसूट (८०जी) मिळत नाही, कारण एकाच धर्माच्या समाजासाठी असलेल्या संस्थांना ती लागू नाही, आणि नव्या करप्रणालीत तर ही वजावटच नाही. कर वाचवायला दशांश काढणाऱ्याने आधीच दुसरा रस्ता शोधावा.

मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाच्या १४ व्या अध्यायावर, कारण ते कोणी वाचतच नाही. २२ ते २७ मध्ये दशांश घेऊन देवाने निवडलेल्या ठिकाणी जा आणि घरच्यांसह तिथे खाऊन आनंद करा असं आहे. वाट लांब असेल तर माल विकून पैसे गाठीला बांधा. २८-२९ मध्ये तिसऱ्या वर्षाचा दशांश गावातच ठेवायचा आहे, लेवी, परका, अनाथ आणि विधवा यांनी पोटभर जेवावं म्हणून. यहूदी परंपरेत हे वेगवेगळे दशांश धरतात. आपल्याला तेवढ्या बारकाव्यात शिरायची गरज नाही, पण दहा टक्क्यांत एक मोठा वाटा गरिबाच्या ताटात जातो, हे तरी दिसायला हवं. मंडळीच्या अंदाजपत्रकात रंगरंगोटी, साउंड सिस्टीम, ख्रिसमसचं लायटिंग या सगळ्यांचे रकाने असतात, विधवेचा रकाना मात्र बऱ्याचदा 'इतर' मध्ये असतो. पुण्यातल्या मंडळ्यांना लांब बघायलाही नको, दौंडच्या रस्त्यावर केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. दुष्काळातल्या मुली-बायकांना घेऊन उभं राहिलेलं ते काम आजही चालू आहे. दर तिसऱ्या वर्षी दशांशाचा ठरलेला वाटा अशा कामाला द्यायचा ठराव करायला काय हरकत आहे?

मार्क १२ मधल्या विधवेने दान केलेल्या दोन टोल्यांवर (अगदी लहान नाण्यांवर) प्रवचन करणाऱ्यांना एक विनंती: त्याच्या आधीचं, ४० वं वचनही वाचा. विधवांची घरं खाऊन टाकणाऱ्या शास्त्र्यांचा येशूने तिथे समाचार घेतलाय, आणि लगेच पुढे ही बाई येते. पेन्शनवर जगणाऱ्या आजीबाईंकडून हप्ता वसूल करायला ती गोष्ट वापरू नये. तसंच मत्तय २३:२३. पुदिना, शेप, जिरं यांचा दशांश मोजून देता आणि न्याय, दया, विश्वास सोडता, असं येशू म्हणतो. पण पुढे त्याने 'त्या करा आणि ह्याही सोडू नका' असंच म्हटलंय, हे कृपेच्या आड लपणाऱ्यांसाठी.

आपल्याकडे ही सवय का रुजली नाही, याला इतिहासही आहे. परदेशी मिशनच्या काळात पाळक, शाळा, दवाखाना सगळ्यांचा पगार परदेशातून यायचा. मंडळी मिशनची होती, आपली नव्हती. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून 'देवाचा दरबार' उभा केला, त्यामागे हीच खंत होती. पुढे परदेशी पैसा आटला आणि मंडळ्या मिशनच्या जागांच्या भाड्यावर जगायला शिकल्या. भाडं येतंय तोवर दशांशाची नड भासत नाही, आणि जागांचे वाद कोर्टात गेले की एकदम मलाखी आठवतो.

घेणाऱ्याची शिस्त सुटली तर देणाऱ्याचा विश्वासही सुटतो. थैलीची मोजणी उपासनेनंतर लगेच, वेस्ट्रीतच (चर्चमधल्या पाळकांच्या खोलीत). टेबलाशी तिघे, त्यातले दोघे एका घरचे नकोत. मखमली थैली उलटी करून कोपरे झटकायचे, नाणी शिवणीत अडकतात. ५०० पासून १० पर्यंतच्या नोटा आणि नाणी छापील पावतीवर लिहायच्या, पेन्सिलीने नाही, आणि उठण्याआधी तिघांच्या सह्या. सोमवारी बँक. फुलांचे किंवा चहाचे पैसे थैलीतून परस्पर द्यायचे नाहीत, आधी जमा, मग खर्च. नाहीतर वार्षिक सभेत हिशेब जुळत नाही.

यूपीआयने एक नवी अडचण आणलीय. दारावर क्यूआर कोड लावल्यापासून बऱ्याच थैल्या रिकाम्याच फिरतात आणि शेजारी बसलेल्या मुलाला आईबाप कधी देताना दिसतच नाहीत. उपाय साधा आहे. पगाराच्या दिवशी यूपीआयने पाठवा, नोंदीत 'दशांश, जून' असं लिहा, नाहीतर खजिनदार ती रक्कम बांधकाम निधीत टाकतात. तीच रक्कम एका लिफाफ्यावर लिहा, लिफाफा रिकामाच असू द्या, आणि रविवारी मुलाच्या हातून थैलीत टाका. मुलाला खाऊचे दहा रुपये मिळत असतील तर त्याचा एक रुपयाही त्याच लिफाफ्यात.

आणि एखादा महिना चुकला तर? लेवीय २७:३१ मधला पाचवा भाग दाखवून 'थकलेल्या दशांशावर वीस टक्के' असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. ती तरतूद धान्याचा दशांश स्वतःकडे ठेवून त्याची किंमत देणाऱ्यासाठी आहे, उशिराचा दंड नाही. थकबाकीची वही काढू नका. येत्या पगाराला भाड्याच्या आधी काढा.