डिस्क आपली, पडदा कुणाचा?

ठाण्यात माझ्या भाचीच्या सोसायटीत गणपतीत पडदा लावून सिनेमा दाखवायचं ठरलं आणि ग्रुपवर जुंपली. एकांचं म्हणणं, सबस्क्रिप्शनचे पैसे भरलेत, तिकीट लावत नाही, मग विचारायचं कुणाला? दुसरे म्हणाले, नोटीस आली तर निस्तरणार कोण? भाचीने मला विचारलं, "मावशी, तिकडे काय करतात गं?"

मी अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात राहते. असा सिनेमा दाखवायला निर्मात्याची परवानगी लागते का, या प्रश्नावरचा एक गाजलेला खटला याच राज्यातल्या ईरी शहरातला आहे. तिथल्या एका व्हिडिओवाल्याने पुढे कॅसेटी भाड्याने ठेवल्या आणि मागे छोट्या खोल्या काढल्या, दोन दुकानांत मिळून 85. दोघाचौघांनी आत बसून दार लावायचं, कॅसेट पुढच्या काउंटरवरून लागायची. दार बंद आहे, आत ओळखीचीच माणसं आहेत, तर हे घरगुती पाहणं झालं, असा त्याचा दावा. 1984 साली अपील न्यायालयाने तो फेटाळला. पैसे देईल त्याला दुकान उघडं आहे, तेव्हा हे सार्वजनिक प्रदर्शनच, म्हणजे निर्मात्याची परवानगी हवी. दोन वर्षांनी आणखी एका दुकानाने कॅसेट गिऱ्हाइकालाच लावायला दिली, तरी निकाल तोच लागला. मात्र पाम स्प्रिंग्जच्या एका हॉटेलातले पाहुणे लॉबीतून व्हिडिओडिस्क भाड्याने घेऊन आपल्या खोलीत बघत, ते 1989 साली तिकडच्या अपील न्यायालयाने मान्य केलं.

जागा सर्वांना खुली असेल, किंवा घरच्या आणि नेहमीच्या ओळखीच्या माणसांपलीकडे बरेच लोक जमत असतील, तर अमेरिकी कॉपीराइट कायद्याने ते सार्वजनिक. फुकट दाखवलं म्हणून सिनेमाला सूट मिळत नाही.

आणि हाच कायदा विकत घेतलेली कॅसेट भाड्याने द्यायला मात्र अडवत नाही. हॉलिवूडने ऐंशीच्या दशकात खूप धडपड केली, पण 1984 साली अमेरिकी संसदेने, म्हणजे तिथल्या काँग्रेसने, गाण्यांच्या रेकॉर्डच्या भाड्यावर बंधन घातलं, सिनेमाला हात लावला नाही. त्याचं फळ मी आमच्या गावच्या लायब्ररीत बघते. डीव्हीडीचं भलंमोठं कपाट आहे, कार्ड दाखवून हवी ती फुकट घरी न्यावी. त्याच इमारतीतल्या हॉलमध्ये सिनेमा दाखवायचा तर लायब्ररी वेगळा परवाना काढते.

आपल्याकडे सिनेमाची प्रत भाड्याने देण्याचा हक्कही कायद्याने निर्मात्यासाठी राखून ठेवलाय. अमेरिकेतून रीतसर विकत आणलेल्या डीव्हीडी भाड्याने देणारं दिल्लीतलं दुकान 2009 साली वॉर्नर ब्रदर्सपुढे उच्च न्यायालयात हरलं. मला तो निकाल जाचक वाटतो. एका घरात एक प्रत गेल्याने निर्मात्याचं असं काय बुडतं? याउलट केबलवाल्याने एक कॅसेट लावून घरोघरी दाखवणं हे लोकांपर्यंत पोचवणंच आहे, त्याला परवानगी हवी, असं मुंबई उच्च न्यायालयाने 1989 साली गरवारे-टेलिलिंक खटल्यात ठरवलं, ते मला पूर्ण पटतं.

सोसायटीचा पडदा या दुसऱ्या जातीचा. गणपतीचं निमित्तही पुरत नाही, कारण धार्मिक विधी आणि लग्नसमारंभाची कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मधली सवलत साहित्य, नाटक, संगीत आणि ध्वनिमुद्रणाला आहे, सिनेमाला नाही. संगीताच्या सवलतीवरूनही वाद आहेतच. लग्नातल्या गाण्यांना रॉयल्टी लागत नाही, असं परिपत्रक गोवा सरकारने काढलं होतं, ते ऑगस्ट 2024 मध्ये उच्च न्यायालयाने रद्द केलं. मराठी निर्माता थिएटरात शो मिळवायलाच झगडतो. त्याचा सिनेमा दोनशे माणसांनी एकत्र बघायचा तर त्याला चार पैसे मिळायलाच हवेत.

वाचनालयांची गोष्ट वेगळी आहे. कॉपीराइट कायद्याच्या 2012 च्या दुरुस्तीनंतर ना-नफा ग्रंथालयाने रीतसर घेतलेली प्रत वाचकाला देणं 'व्यावसायिक भाड्या'त मोडत नाही. महाराष्ट्रात 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली हजारो वाचनालयं अनुदान घेतात. कादंबऱ्यांशेजारी मराठी सिनेमाच्या डिस्क ठेवायला त्यांना आडकाठी नाही. पण डिस्क बाजारातूनच गेल्या आणि सगळं ओटीटीवर भाडेकरूसारखं बघायचं झालं, तर ही सवलत वापरणार कशावर? म्हणून निर्मात्यांनी वाचनालयांसाठी थोड्या तरी प्रती काढाव्यात.

आणि सोसायट्यांसाठी मराठी चित्रपट महामंडळाने पुढाकार घेऊन दरपत्रक लावावं, इतकी घरं तर इतके रुपये. पैसे ऑनलाइन भरले की पावती हातात, आणि ती सूचनाफलकावर लावायची. आज भाचीच्या कमिटीने पैसे द्यायचं म्हटलं तरी द्यायचे कुणाकडे, हे तिथे कुणालाच ठाऊक नाही.